पाणी गेले कोठे? : मोटारीच्या शीतन-व्यवस्थेतील गळतीचे निदान व दुरुस्ती

वैशाखातल्या दुपारी जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी तरी मोटार दृष्टीस पडते. आतून वाफ निघत असते आणि मालक हातात पाण्याची बाटली घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहत असतो. इंजिन निवले, पाणी ओतले आणि मोटार पुन्हा चालू झाली, की प्रकरण मिटले असे समजण्याकडे आपली प्रवृत्ती असते. वस्तुतः पाणी ओतावे लागले तेथेच प्रकरणास आरंभ झालेला असतो.

पाणी ओतत राहण्याची ही सवय एके काळी योग्यच होती. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या मोटारीत पाण्याची वाफ होऊ देऊनच इंजिन थंड राखले जात असे; त्यामुळे इंधनाप्रमाणेच पाणीही वरचेवर भरावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर योजला, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून थोड्या पाण्यात काम भागविणे सुकर झाले. आजच्या मोटारीतील व्यवस्था तर झाकणबंद असते. तिच्यातील द्रवाची पातळी दीर्घकाळात किंचित खाली येणे समजण्यासारखे आहे. पण ती दर आठवड्यास खाली येत असेल, तर द्रव कोठून तरी बाहेर पडत आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो कोठून आणि का बाहेर पडतो याचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावयाचा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश भागाचे उपयुक्त कार्यात रूपांतर होते, एक तृतीयांश भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला बव्हंशी शीतक द्रवाच्या वाट्यास येतो. गॅरेजमध्ये या द्रवास नुसते ‘कूलंट’ असे म्हणतात. सिलिंडरमधील जळत्या वायूचे तपमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. उलट ज्या धातूच्या मिश्रणापासून आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड ओतलेले असते, त्यातील प्रमुख घटक अ‍ॅल्युमिनियम हा ६६० अंशांसच वितळतो. असे असूनही हेड शाबूत राहते, याचे श्रेय धातूच्या पलीकडून अखंड वाहणाऱ्या द्रवास आहे.

या उष्णतेचे परिमाण एका साध्या गणिताने ध्यानात येईल. माणसांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार खोपोलीहून लोणावळ्यास येताना सुमारे ५५० मीटर उंची चढते. केवळ या चढणीसाठी चाकांपाशी सुमारे ६,५०० किलोज्यूल कार्य घडावे लागते, आणि वरील प्रमाणानुसार जवळजवळ तितकीच उष्णता शीतक द्रवात उतरते. उकळी आलेल्या एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ही उष्णता रेडिएटरमधून हवेत गेली नाही, तर ती जवळजवळ तीन लिटर पाण्याची वाफ करून टाकील. लहान मोटारीत सारे मिळून पाच-सहा लिटरच द्रव असतो, हे लक्षात घेतले म्हणजे सपाटीवर निर्धोक वाटणारी गळती घाटात का घातक ठरते याचा उलगडा होतो.

दाबाचे कार्य

व्यवस्थेत द्रव पुरेसा असणे जितके आवश्यक, तितकेच तो दाबाखाली असणेही आवश्यक आहे. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांस उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांसच उकळू लागते. याउलट, वातावरणाच्या दाबाहून सुमारे एक बार अधिक दाब राखला तर उकळबिंदू १२० अंशांपर्यंत जातो. पाण्यात निम्मे एथिलीन ग्लायकॉल मिसळले असता तो याहूनही काही अंशांनी वाढतो. रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणात स्प्रिंगची झडप असते ती हा दाब राखण्यासाठीच. दाब मर्यादेपलीकडे गेला तर ही झडप उघडते. पुष्कळ झाकणांत दुसरी एक लहान झडपही असते. इंजिन निवून आत पोकळी निर्माण झाली म्हणजे ती उघडते.

झाकणातील रबर कठीण झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर द्रवाची पातळी पुरेशी असूनही तो लवकर उकळतो. वाफ झाली की पंपाचे काम बिघडते, कारण पंपाची रचना द्रव ढकलण्यासाठी असते, वाफ ढकलण्यासाठी नव्हे. मग हेडच्या ज्या भागाला बुडबुड्यांनी वेढले असेल तेवढाच भाग विलक्षण तापतो व वाकू लागतो. म्हणून दाबाची गळती ही पाण्याच्या गळतीइतकीच गंभीर मानली पाहिजे.

झाकण उघडण्यापूर्वी

याच दाबामुळे तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे असते. समजा, व्यवस्थेत सहा लिटर पाणी ११५ अंशांवर आहे. झाकण काढताच दाब नाहीसा होतो आणि १०० अंशांपलीकडची सारी उष्णता वाफ करण्याच्या कामी लागते. हिशेब केल्यास सुमारे १६० ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते, आणि त्या वाफेचे आकारमान अडीचशे लिटरांहून अधिक भरते. ही वाफ एकटी बाहेर येत नाही; वर असलेले उकळते पाणी ती आपल्याबरोबर तोंडावर व हातांवर उडविते. ओले फडके धरून झाकण हळूच सैल करण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये. वरचा होज पाइप हातास निववेलेला लागेपर्यंत झाकणास स्पर्श करावयाचा नाही, हा नियम निरपवाद आहे.

वाटेत काटा वर चढू लागल्यास वातानुकूलन बंद करावे, गाडीतील हीटर पूर्ण वेगाने सोडावा आणि शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबावे. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच असल्याने थोडी उष्णता त्यावाटे निघून जाते. वाफ दिसत असेल किंवा द्रव वाहत असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये; धातूचे असमान आकुंचन होऊन हेडला तडा जाण्याचा संभव असतो.

काट्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तपमान मोजणारा संवेदक द्रवात बुडालेला असला तरच खरे सांगतो. द्रव फार कमी झाला व संवेदक कोरडा पडला, तर काटा अकस्मात खाली येऊ शकतो. चढणीवर वर गेलेला काटा काही कारण नसताना उतरला, तर ती सुटकेची नव्हे, अधिक मोठ्या संकटाची खूण समजावी.

पहिला प्रश्न

इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पाहावी. पातळी योग्य असूनही मोटार तापत असेल तर दोष बहुधा गळतीचा नसतो. शहरातील मंद रहदारीत तापते व वेगात निवते, असे असेल तर पंख्याकडे पाहावे. चढणीवर किंवा वेगात तापत असेल तर रेडिएटर चोंदला असण्याचा, थर्मोस्टॅट पुरता उघडत नसण्याचा किंवा पंपाची पाती झिजली असण्याचा संभव अधिक. पातळी खाली असेल तर मात्र गळती शोधावयाची, आणि ती दोनच प्रकारची असू शकते : द्रव इंजिनाच्या बाहेर जात असेल, किंवा इंजिनाच्या आतच सिलिंडरमध्ये अथवा तेलात शिरत असेल.

बाहेरची गळती

रात्री मोटारीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी पडलेल्या डागाचा रंग, वास व जागा पाहावी. वातानुकूलनातून ठिबकणारे पाणी रंगहीन व गंधहीन असते. शीतक द्रवास हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा रंग दिलेला असतो, गोडसर वास येतो आणि बोटांना किंचित बुळबुळीतपणा जाणवतो. गरम धातूवर पडलेला थेंब खाली येण्यापूर्वीच सुकतो. अशा वेळी डाग सापडत नाही, पण पांढरट किंवा रंगीत खपली मागे राहते. पुष्कळदा वाहत्या थेंबापेक्षा ही सुकलेली खपलीच अधिक विश्वासार्ह साक्ष देते.

होज पाइपांची टोके व त्यांवरील क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा व अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचा जोड, थर्मोस्टॅटचे घर, इंजिनाच्या ठोकळ्यातील पत्र्याची बुचे आणि पंप ही तपासण्याची नेहमीची ठिकाणे होत. पंपाच्या अंगावर पुष्कळदा एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. दांड्यावरील सील झिजले म्हणजे द्रव बेअरिंगमध्ये न शिरता या छिद्रातून बाहेर यावा, अशी ती योजना आहे. म्हणून तेथे ओघळ दिसल्यास छिद्र बुजविण्याचा विचारही करू नये, पंप बदलावा. गाडीच्या आत पायाखालचे जाजम ओले होत असेल आणि काचेवर चिकट धुके धरत असेल, तर हीटरची जाळी गळत आहे असे अनुमान करावे.

एवढ्याने ठिकाण सापडले नाही तर दाबाची चाचणी घ्यावी. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब भरतात व दहा-पंधरा मिनिटे दाबमापकाचा काटा पाहतात. काटा उतरू लागला तर कोठे तरी वाट आहे; आणि इंजिन थंड असल्याने बाहेरची गळती निवांतपणे शोधता येते. त्याच उपकरणावर झाकणाचीही परीक्षा करून घ्यावी. ही चाचणी स्वस्त आहे, थोड्या वेळात होते आणि तिच्यासाठी काहीही खोलावे लागत नाही. निदानाचा क्रम नेहमी असाच, अल्पखर्चाकडून बहुखर्चाकडे जाणारा असावा.

आतली गळती

हेड आणि ठोकळा यांच्यामध्ये बसविलेल्या हेड गॅस्केटने ज्वलनवायू, तेल आणि शीतक द्रव या तिघांना एकमेकांपासून अलग ठेवावयाचे असते. ते फुटले म्हणजे पुढील लक्षणे दिसतात : इंजिन गरम झाल्यावरही निकासनळीतून दाट पांढरी वाफ येत राहते, टाकीत अखंड बुडबुडे उठतात, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच, द्रव तापण्यापूर्वी, वरचा होज पाइप टणक होतो, तेल दुधाळ होते. यांपैकी कोणतेही एकच लक्षण निर्णायक मानू नये. पावसाळ्यात केवळ लहान लहान फेऱ्या करणाऱ्या मोटारीच्या तेलाच्या झाकणाखाली ओलाव्यामुळेही सायीसारखा थर जमतो.

निश्चितीसाठी रासायनिक चाचणी आहे. टाकीतील हवा एका निळ्या दर्शक द्रावणातून ओढून घेतात. तिच्यात ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड असेल तर आम्लता वाढून निळा रंग पिवळा होतो. सिलिंडरांतील दाब मोजणे हा दुसरा मार्ग. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत तो कमी भरला, तर त्यांच्यामधील गॅस्केटविषयी संशय बळावतो.

एक उदाहरण

या साऱ्यांचा परस्परसंबंध स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित, परंतु नित्याच्या अनुभवातले उदाहरण घेऊ. चार सिलिंडरांच्या एका जुन्या मोटारीचा मालक दर आठवड्यास पाव लिटर पाणी घालीत आला आहे. पुढे ते प्रमाण अर्धा लिटर झाले. सपाटीवर काही त्रास नाही. एके दिवशी घाटात काटा वर चढतो आणि थोड्या वेळाने आपोआप उतरतो. मालक निश्चिंत होऊन पुढे जातो. दोन किलोमीटरांवर इंजिनाची शक्ती ओसरते व वाफ निघू लागते.

थंड झाल्यावर घेतलेल्या चाचणीत दाब झपाट्याने उतरतो आणि पंपाच्या छिद्राखाली थेंब सापडतो. पंप बदलला जातो. पुन्हा चाचणी घेतली तर दाब पंधरा मिनिटे टिकतो. येथे काम संपले असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु इंजिन सुरू करताच टाकीत बुडबुडे येतात व निळे द्रावण पिवळे होते. हे विसंगत नाही. चाचणीचा दाब सुमारे एक बार असतो, तर सिलिंडरातील ज्वलनाचा दाब त्याच्या कित्येक पट असतो. एक बारला दाद न देणारी फट ज्वलनाच्या दाबाला वाट करून देते.

तात्पर्य, या मोटारीत दोन गळत्या आहेत. पंपाची गळती हे तापण्याचे कारण होते. गॅस्केटची गळती हा तापण्याचा परिणाम आहे. केवळ पंप बदलला तर मोटार पुन्हा तापेल, कारण ज्वलनवायू द्रवाला बाहेर लोटीत राहतील. केवळ गॅस्केट बदलले तर नवे गॅस्केटही जुन्याच्याच मार्गाने जाईल. गळतीमुळे उष्णता वाढली की उष्णतेमुळे गळती झाली, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर ‘दोन्ही’ असे येते.

दुरुस्ती

होज पाइप भेगाळला असेल तर बदलावा. फक्त टोक फाटले असेल व लांबी पुरेशी असेल, तर तेवढे कापून नव्या क्लिपेने बसविणे हा तात्पुरता उपाय चालेल. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर डाग देऊन दुरुस्त करता येत. आजच्या अ‍ॅल्युमिनियम व प्लॅस्टिकच्या रेडिएटरचा जोड फुटल्यास तो बदलणेच बहुधा श्रेयस्कर ठरते. गळती बुजविणारी पूड किंवा द्रव घालणे हा घरी पोहोचण्यापुरता इलाज आहे. छिद्र बुजविणारा पदार्थ हीटरच्या व रेडिएटरच्या बारीक नळ्याही चोंदवू शकतो. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टने फिरतो. तेथे पंप बदलताना पट्टाही बदलून घ्यावा, म्हणजे तीच मजुरी दोनदा पडत नाही.

हेड गॅस्केट बदलताना हेडचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे सरळ पट्टी व फीलर गेज यांनी तपासणे अपरिहार्य आहे. अनुज्ञेय वाक साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कागदाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसविणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या क्रमानेच, बहुधा मध्याकडून टोकांकडे, टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने आवळावेत. ज्या इंजिनांत ताणले जाणारे बोल्ट वापरलेले असतात तेथे नवेच घ्यावेत.

शेवटी द्रव भरणे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरू नये. त्यातील क्षारांची खपली धातूवर बसते व उष्णतेच्या मार्गात आड येते. ऊर्ध्वपातित पाणी आणि उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे ग्लायकॉल वापरावे. रंग सारखा दिसला तरी निरनिराळ्या जातींची मिसळ करू नये, कारण त्यांतील गंज रोखणारी द्रव्ये भिन्न असतात. वारंवार साधे पाणी घातल्याने हीच द्रव्ये विरळ होतात आणि गंज नवी छिद्रे पाडू लागतो. पाणी घालण्याची सवय अशा रीतीने स्वतःच गळतीचे कारण बनते. भरताना आत अडकलेली हवा काढण्यासाठी हीटर उघडा ठेवावा, हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे आणि पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी. काढलेला द्रव गटारात किंवा अंगणात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही दगावतात. ते झाकणबंद डब्यात, मुलांच्या हाती न लागेल असे ठेवून योग्य विल्हेवाटीसाठी गॅरेजकडे द्यावे.

दुरुस्तीनंतरही एक लहानशी वही मोटारीत ठेवावी असे सुचवावेसे वाटते. पातळी थंड इंजिनावर पाहिल्याची तारीख, त्या वेळचे किलोमीटर आणि घालावा लागलेला द्रव मापून त्याचा आकडा, एवढ्याच नोंदी पुरेत. वरील उदाहरणातील मालकाकडे अशी वही असती, तर पाव लिटराचा अर्धा लिटर झाल्याचे त्याच्या वेळीच ध्यानात आले असते. घाट चढण्यापूर्वी पंप बदलला गेला असता आणि हेड उघडण्याची वेळ आली नसती. ओतलेले पाणी मापले, की ‘पाणी गेले कोठे’ हा प्रश्न विचारावाच लागतो. आणि तो वेळेवर विचारणे हेच निदानाचे पहिले साधन होय.